बाबांचे चार ब्रॅकेट

माझे बाबा कारखान्यात तपासनीस होते, आणि घरातही तपासनीसच राहिले. मशीनवरून उतरलेले सुटे भाग ते मोजत. भाग बरोबर असेल तर कार्डावर सही, केसभर चुकला तर परत. कार्डातला एक जरी रकाना कोरा दिसला तरी परत. माझ्या प्रगतिपुस्तकाचंही त्यांनी हेच केलं होतं. बाईंनी वजनाचा रकाना भरला नव्हता, म्हणून सही न करता मला माघारी धाडलं.

त्या कारखान्यात एकदा एका उपग्रहासाठी चार ब्रॅकेट बनले, आतले भाग जागच्या जागी धरून ठेवणारे, तळहातावर मावतील एवढे. खरं तर पाच बनले होते. पाचवा बाबांनी नापास केला, आणि उपग्रह उडाल्यावर साहेबांनी तोच त्यांना आठवण म्हणून दिला. आमच्या तारनाक्याच्या घरात तो टेबलावर असे, पंख्याने पेपर उडू नये म्हणून. येईल त्या पाहुण्याच्या हातात बाबा तो देत आणि म्हणत, "याचे चार भाऊ वर आहेत." ऐकून ऐकून आईचे कान किटले होते.

मागच्या वर्षी मावशीकडे जेवायला गेलो होतो. बाबांनी चार भावांची गोष्ट काढली, तर मावशीचा जावई पुरणपोळी मोडता मोडता म्हणाला, "काका, तो उपग्रह केव्हाच जळून खाक झाला असेल. इतकी वर्षं काय राहतंय वर?" सगळे हसले. जावयाला उलट बोलायची आमच्यात रीत नाही. बाबा गुमान जेवत राहिले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले आणि त्या जावयाचा भयंकर राग आला.

घरी येताच मी लॅपटॉप उघडला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या झाडून सगळ्या वस्तूंची एक यादी असते. उपग्रह, रॉकेटचे तुकडे, भंगार, प्रत्येकाला एक क्रमांक. ती यादी धुंडाळणारा छोटासा प्रोग्रॅम कुणा हौशी माणसाने फुकट ठेवलाय. यादीत नावं तोडूनमोडून लिहिलेली असतात, म्हणून मी उड्डाणाची तारीख टाकली. ती बाबांना माझ्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे. ओळी भराभर आल्या. पहिल्याच ओळीत पडल्याच्या रकान्यात तारीख होती. मी ती मोठ्याने वाचली. लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा मला पगार मिळतो, हे इथे सांगायची लाज वाटते.

"बरं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट टेबलावरून ड्रॉवरमध्ये गेला. कॉलनीतल्या त्यांच्या संध्याकाळच्या फेऱ्याही बंद झाल्या. विचारलं तर म्हणाले, पाय दुखतायत. पाय दुखत नव्हते, हे आम्हा दोघींना चांगलं कळत होतं. त्यांना तसं खुर्चीत बसलेलं पाहून मला रडू येई.

शनिवारी आई मला मिरची घ्यायला बेगम बाजारात घेऊन गेली. आईची खरेदी बघण्यासारखी असते. पोत्याच्या तोंडाशी लालभडक मिरची रचलेली असते, तिच्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. कोपरापर्यंत हात खाली घालते आणि तळातली मूठ बाहेर काढते.

"अम्मा, पूरा माल एकीच है," दुकानदार कळवळून म्हणाला.

"हौ, एकीच है तो नीचे का देखे तो क्या जाता तुमारा?"

परतताना ऑटोत, मिरचीची पिशवी मांडीवर धरून, तिने मला विचारलं, "त्या तुझ्या यादीत खाली हात घातला होतास का गं?"

"आई, ती मिरची नाहीये."

"नसू दे. पण बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. तारीख दिसली आणि मी थांबले होते.

घरी येऊन हातसुद्धा न धुता बसले. पहिली ओळ उपग्रहाची नव्हतीच. त्याला वर नेऊन सोडणाऱ्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याची होती. त्या दिवशी उडालेलं सगळं एकत्र येतं, आणि पडलेल्या वस्तू तो प्रोग्रॅम आधी दाखवतो. आमचा उपग्रह तिसऱ्या ओळीत होता. पृथ्वीभोवती एक फेरी पावणेदोन तासांत. स्थिती, काम बंद. पडल्याची तारीख, काही नाही.

मी ओरडूनच बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला आणि कारखान्यातलं कार्ड वाचावं तसं, बोट फिरवत, सगळी ओळ वाचली. मग पहिली ओळ वाचली. दोन्हींचे क्रमांक ताडून पाहिले.

"परवा तू न तपासता सही केलीस," ते म्हणाले.

"चुकलं बाबा."

"काम बंद म्हणजे काय?" आईने विचारलं.

"रिटायर झालाय. पण फिरतोय अजून."

"म्हणजे तुमच्यासारखाच की! काम काडीचं नाही, आणि फेऱ्या मात्र सुरू."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी ड्रॉवरमधला ब्रॅकेट काढून पेपरवर ठेवला आणि चपला शोधू लागले. मला चेव आला.

"पण बाबा, पडल्याचा रकाना कोरा आहे," मी म्हटलं. "परत पाठवायचा का?"

"नक्को," चपलेत पाय घालत बाबा म्हणाले. "तेवढा कोराच राहू दे."