शांतेची वेणी

शांता गेल्याचं तिच्या सुनेनं, सुमननं, माझ्या दारात येऊन सांगितलं. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते. आता महिना झाला, खोटं कशाला लिहू... मला आधी तेच खुपलं. माझ्यासाठी असं कोण रडणार?

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन जानेफळात आलो, भिंतीला भिंत लागून राहिलो. मी शाळेत शिकवलं, ती शेतात राबली. माझी दोन्ही मुलं पुण्याला, घरी मी एकटी. सगळं माझं मी करते, याचा मला भारी तोरा. दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रातली नर्स आली. म्हाताऱ्यांचं शरीर किती चालतं, ते मोजायचं होतं. शांतेच्या ओट्यावर बसवून तिनं विचारलं, हात न टेकता उठता येतं का, आंघोळ एकट्यानं जमते का, केस विंचरता येतात का. मी सगळ्याला हो म्हटलं. शांतेनं उठून दाखवलं, चालून दाखवलं, आणि केसांपाशी अडली. "हात वर जात नाही वं माय." त्याच सकाळी तिनं शेवग्याच्या उंच फांदीवरच्या शेंगा तोडून मला दिल्या होत्या! नर्सनं लिहिलं, मदत लागते.

"काऊन खोटं बोलली वं शांते?" मी नंतर विचारलं.

"तेवढीच घडीभर सुमन माह्यापाशी बसते. नाहीतर तिले तरी दिवसभर कुठं बसाले भेटते?"

मग रोज संध्याकाळी ओट्यावर तेल, कंगवा आणि दोघींचं हसणं. माझा नुसता जळफळाट. आत जाऊन मी स्वतःची वेणी इतकी करकचून घालायचे, की कपाळ दुखायचं. एकदा न राहवून सुमनला सांगूनच टाकलं, तुझ्या सासूचा हात चांगला वर जातो म्हणून.

"मले मालूम आहे, काकू," ती म्हणाली.

परवा नर्स पुन्हा आली. त्याच ओट्यावर, तेच प्रश्न. सुमन दारात उभी. केसांचा प्रश्न आला तेव्हा सकाळी घातलेली घट्ट वेणी माझ्या पाठीवरच होती.

"नाही जमत," मी म्हणाले.

नर्स लिहून पुढच्या घरी गेली. सुमननं माझ्या वेणीकडे पाहिलं, आत गेली, आणि शांतेचा दोन दात तुटलेला कंगवा घेऊन माझ्या मागे बसली. वेणी सोडू लागली. हात इतका हलका... शांते, मला तुझा आणखीच हेवा वाटला.