सगळ्यांची शलाका

शलाका तांडेलला विचारून घ्यायची सवय नव्हती. माझ्या वर्गात शिकवायची नोकरी मागायला आली, तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. ती समोर बसली, प्रमाणपत्रांची फाईल टेबलावर ठेवली आणि बोलता बोलता माझ्या डब्यातली भेंडी उचलून तोंडात टाकली. "मीठ कमी पडलंय, ताई," म्हणाली. तिला काय काय विचारायचं ते मी आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं. ते राहिलं बाजूला, आणि मी डबा तिच्याकडे सरकवला.

डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांच्या जागेत मी लहान मुलांना स्पॅनिश शिकवते. हा वर्ग मी एकटीने उभा केला. दारोदार पत्रकं वाटली, आयांची मनं वळवली, फळा भिंतीला ठोकला तोसुद्धा मीच. मुलं वाढली तेव्हा नाइलाजाने मदतनीस शोधली आणि शलाका आली. ठाण्याच्या कोळीवाड्यातली. वडिलांची खाडीत होडी, आई बाजारात मासे विकायची आणि ही स्पॅनिशमध्ये एम.ए. झालेली. शिक्षणात माझ्या तोडीस तोड, वयाने दहाएक वर्षांनी लहान आणि आवाजाने माझ्या तिप्पट.

माझं-तुझं शिकवायचा धडा तिच्याकडे आला. आमच्या मुलांना तो अवघडच जातो. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे माझं आणि 'तू' म्हणजे तुझं, त्यामुळे 'मी कासा', म्हणजे माझं घर, असं म्हटलं की पोरं 'मी घर आहे' म्हणून खिदळत बसतात. मी फळ्यावर तक्ता काढून तो घोकून घेत असे. शलाकाने दाराबाहेरच्या सगळ्यांच्या चपला गोळा केल्या आणि माझ्या धुतलेल्या सतरंजीवर ओतल्या. एकाने चपलेचा पाय उचलायचा, "तू सापातो?" म्हणजे "तुझा जोडा?" असं विचारत फिरायचं, आणि ज्याचा असेल त्याने "मी सापातो" ओरडत तो हिसकावून घ्यायचा. एकच पाय हाती लागला तर 'मी', दोन्ही लागले तर अनेकवचनी 'मीस'. आरडाओरडा असा की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले.

मुलं गेल्यावर मी तिला म्हटलं, हा वर्ग आहे, मासळी बाजार नाही. दुसरी कुणी असती तर दुखावली असती. ती खूश झाली. "मासळी बाजारात कुणी कधी दुसरीच्या पाटीवर बसते का, ताई? ज्याला आपलं कळतं त्याला दुसऱ्याचं पण कळतं. पोरांना आधी हिसकावू दे, मग वाटायला शिकतील." आधी हिसकावू दे, हे तिचं पालुपद. दोन पोरं एका रंगीत खडूवरून भांडत असली तरी ती हाताची घडी घालून बघत राहायची आणि मला मध्ये पडू द्यायची नाही.

एकदा तर पोरं मुद्दाम एकमेकांच्या चपला घालून घरी गेली. संध्याकाळी ठाकुर्लीहून एक वडील पिशवीत भलत्याच मापाच्या चपला घेऊन हजर. आता हिला चांगली बोलणी बसणार म्हणून मी आतल्या आत सुखावले आणि तिला पुढे केलं. पण त्या गृहस्थांना हसूच आवरेना. त्यांची लेक जेवताना आजोबांच्या ताटातली पोळी ओढून स्पॅनिशमध्ये मालकी सांगत होती म्हणे. जाताना ते शलाकाला म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षीपण तुम्हीच पाहिजे हां हिला." वर्गाची मालकीण शेजारीच उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

इथपर्यंत मी सहन केलं. पण माझी लेक रेवा तिच्या वर्गात होती. माझ्या वर्गात ती मला आई म्हणून हाक मारायची, मांडीवर यायची, म्हणून मीच तिला शलाकाकडे बसवलं होतं. मला मुलं मिस म्हणतात, शलाकाला मात्र 'प्रोफे', म्हणजे स्पॅनिशमधल्या लाडक्या बाई. आमच्या घरात उठता बसता प्रोफे सुरू झालं. प्रोफे म्हणते दूध गार प्यायचं. प्रोफेने घातलेली वेणी आई, तू सोडायची नाही. एके दिवशी आमच्या शुद्ध शाकाहारी घरात पोरीने डब्याला बोंबील मागितले. नवरा पोट धरून हसला, माझ्या मात्र पोटात दुखत राहिलं. मी जळत होते, याला दुसरा शब्द नाही. पगार मी देत होते आणि पोर तिची होत चालली होती.

वर्षाअखेरीला पालकांसमोर छोटासा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने आपल्या एका माणसाला हात धरून पुढे आणायचं आणि हे माझं म्हणून स्पॅनिशमध्ये ओळख करून द्यायची. कुणी बाबांना आणलं, कुणी आजीला. मी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या खुर्चीवर बसले होते. रेवा माझ्यासमोरून सरळ निघून गेली आणि तिने शलाकाची ओढणी धरली. लोकांना ते गोड वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शलाका खाली बसली. रेवाच्या कानाशी बोलली, पण त्या आवाजात कानाशी बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. "मी तर सगळ्यांची गो बाय. तुझी एकटीची कोण हाय, ती बघ तिथे बसलीय. जा, घेऊन ये तिला."

रेवा आली. सांगितलं म्हणून आली. मी तिचा हात धरून पुढे उभी राहिले, हसले, फोटो काढून घेतला. शलाकाचा जितका राग मला तेव्हा आला तितका आधी कधी आला नव्हता. पोरांचं प्रेम हिला, पालकांचं कौतुक हिला, आणि मोठं मनही हिच्याच वाट्याला का यावं?

मग एका दुपारी माझ्याच डब्यातली कोशिंबीर खाता खाता तिने सांगितलं की वडिलांना आता एकटं ठेवता येत नाही, ती घराजवळ, ठाण्यातच, स्वतःचा वर्ग काढणार आहे. मी तोंडाने हळहळले आणि मनात पेढे वाटले. रेवा खूप रडली, जेवेना. मी तिला जवळ घेऊन थोपटलं. खरं सांगते, पुष्कळ दिवसांनी ती अशी कुशीत आली होती.

शलाकाच्या वर्गातली मुलं मी घेतली. चपलांचा खेळ मीही खेळून पाहिला. मुलं माझ्या तोंडाकडे बघत शहाण्यासारखी ओरडली आणि ज्याच्या त्याला चपला देऊन मोकळी झाली. दुपारी डबा उघडला की मी झाकणात थोडी भाजी काढत असे आणि मग ती पुन्हा डब्यात टाकत असे. रेवाचं मात्र स्केटिंग सुरू झालं होतं. शलाकाच्या नव्या वर्गाच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं, तेव्हा रेवा म्हणाली, "आई, त्याच दिवशी अन्वीचा बर्थडे आहे ना. तू जा, प्रोफेला हाय सांग." मला आनंद व्हायला हवा होता. मी पोरीवर इतकी चिडले की नवरा बाहेर येऊन बघायला लागला.

मी एकटीच गेले. खोपटच्या एसटी आगाराजवळ, एका दुकानाच्या वर तिची खोली. आत पोरांचा नुसता कल्ला आणि मधोमध जमिनीवर शलाका, मांडीवर एक चिमुरडी. मला बघून तिने पहिल्यांदा रेवाचं विचारलं. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, ताप आलाय, यायचं म्हणून रडत होती.

शलाकाने माझ्याकडे नीट पाहिलं. "तापलेल्या पोरीला घरी ठेवून आलीस, ताई? कुणासाठी गो?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

मांडीवरच्या मुलीला तिने अलगद उचलून पलीकडे बसवलं आणि शेजारची सतरंजी हाताने झटकली. मी तिथे तिला खेटून बसले. ती मुलगी मला डोळ्यांनी जाळत होती. तसं कसं बघायचं हे मला कुणी शिकवायला नको होतं. तिने मला ढकलून पाहिलं. मी हलले नाही.