‘नको’ नावाचं गाणं

आम्ही तिघं भेटलो की जुने किस्से निघायचे. हल्ली भेटी होत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे नुसते साठत चाललेत.

नव्वदच्या दशकात वाशीच्या कॉलेजात आमचा बँड होता. प्रशांत गायचा आणि गिटार वाजवायचा, मिलिंद ड्रम्सवर, मी बेसवर. ग्रंज या अमेरिकन रॉकचं वेड लागलेलं; ते गायक जाड चौकडीचे शर्ट घालायचे. म्हणून प्रशांत भर मे महिन्यात वडिलांचा जाड चौकडीचा शर्ट घालून घाम गाळायचा. एकदा त्याच्या घरी प्रॅक्टिस रंगलेली असताना वडील दारात आले. म्हणाले, “शर्ट काढ. मला सेकंड शिफ्ट आहे.”

*

मिलिंदची तक्रार असायची, त्या इंग्रजी गाण्यांतलं एक अक्षर कळत नाही. प्रशांत म्हणाला, “शब्द सोड. गाणाऱ्याचं काहीतरी बिनसलंय, ते कळतंय ना?”

*

मग प्रशांतच्या वडिलांची रबाळ्याची कंपनी बंद पडली. ते दिवसभर खिडकीत बसून राहायचे. त्याच महिन्यात प्रशांतनं ‘नको’ लिहिलं. कडवं पुटपुटल्यासारखं, आणि मग एकच शब्द, घसा फाटेस्तोवर: नको.

खालच्या सावंतकाकू वर आल्या. “अरे, त्याला नको असेल तर कशाला देताय?”

वडील खिडकीतून न वळता म्हणाले, “गाऊ दे त्याला.”

*

गॅदरिंगच्या आधी सर म्हणाले, ‘नको’ जरा गोड करा. प्रशांत ऐकेना. मीच त्याच्या मागे लागलो; म्हटलं, आधी स्टेज तर मिळू दे. गॅदरिंगला तो ओरडला नाही, हळू गायला. चक्क वन्समोअर मिळाला.

खाली उतरल्यावर म्हणाला, “आता हे तुझं गाणं.”

पुन्हा त्यानं ते म्हटलं नाही. बँडही तिथंच संपला.

*

मिलिंद आता उरणला बेंजो पार्टीत वाजवतो. मोरा गावच्या एका हळदीत त्यानं हळूच ‘नको’चा ठेका घुसवला. नवरदेवाची मावशी येऊन म्हणाली, “ह्यावर नाचता येत नाय, दुसरं वाजव.” फोनवर हसत हसत सांगत होता.

*

प्रशांत खारघरच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे. गणपतीच्या कार्यक्रमाची नोटीस त्याच्याच सहीची: ‘आरडाओरड्याची गाणी चालणार नाहीत.’

*

गेल्या महिन्यात मिलिंदला प्रॅक्टिसची एक कॅसेट सापडली. त्यानं ती फोनवर उतरवून मला पाठवली. मी प्रशांतच्या घरी गेलो आणि काही न सांगता लावली. त्याची मुलगी आतून आली आणि उभ्यानं शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“बाबा, कोण आहे हा? कसला भारी गातो.”

“होता एक, आमच्या कॉलेजात.”

“मग सोडलं का त्यानं?”

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “या काकांना विचार.”