धरणीचे टाळ

आसामातल्या सार्थेबारी या कासारांच्या गावात टाळाला सूर लावावा तो धरणीनेच. काशाची कड खरवडायची, टाळ वाजवायचा, नाद विरेपर्यंत ऐकायचा आणि पुन्हा खरवडायची. क्षयाने अंगावर मांस ठेवले नाही, तरी हे काम त्याने सोडले नाही.

साध्या गोळ्यांना रोग बधेना, तेव्हा मूठभर वेगळ्या गोळ्या आणि रोज एक इंजेक्शन सुरू झाले. एका औषधाच्या हातून निसटलेले जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडावेत, म्हणून एवढी औषधे. त्यांनी ओकाऱ्या होत, सांधे ठणकत, भलतीसलती स्वप्ने पडत.

तिसऱ्या महिन्यापासून तो टाळांवरच चिडू लागला. "या खेपेचं कासंच दळभद्री. नाद लगेच मरतोय." आणि खरवडत राही. धाकटा भाऊ मुकुट याने ते टाळ वाजवून पाहिले, तर कडा पातळ होऊन आवाज फाटलेला. अशक्तपणाने हात चळला असेल, असे त्याला वाटले. सांगायची छाती होईना. दुखणेकऱ्याजवळ तेवढीच तर ऐट उरली होती. दादा दुपारी झोपला की मुकुट गुपचूप चांगली जोडी लावून त्याच्या ढिगात ठेवी आणि बिघडलेली वितळायला टाकी. मायेपोटी माणूस काय करून बसेल, सांगता येत नाही.

दर महिन्याला आरोग्य केंद्रातली नर्स निरू वजन करी, थुंकी आणि रक्त तपासणीला पाठवी. मुकुट सायकल धरून बाहेर थांबे.

"कानात शिट्टी वाजते? कमी ऐकू येतं?" ती धरणीला विचारी.

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? माझे टाळ बघ जा, कुणी नाव ठेवतंय का."

पाचव्या महिन्यात निरूने पाठीमागून तीनदा हाक मारली. धरणी वळला नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शन बंद केले.

"याने कान जातात, आधी बारीक आवाज जातात," ते मुकुटला म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी कळतं तर तेव्हाच औषध बदललं असतं. गेलेलं आता परत येत नाही. कामात काही फरक दिसला नव्हता?"

मुकुट त्याला घेऊन घरी आला. भट्टीपाशी बसल्यावर म्हणाला, "दादा, तुझे टाळ मी बदलत होतो."

"काय?"

त्याने पुन्हा सांगितले.

"मोठ्यानं बोल रे."

मुकुट ओरडला. शेजारच्या भट्ट्यांवरचे घण थांबले, माणसे पाहू लागली. धरणीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले.

"काय म्हणाला हा?" त्याने विचारले.

कुणी काही सांगेना.