मशीनचा नंबर आणि तिचा पत्ता

त्या काळात मी नगरला कापडबाजारातल्या शिलाई मशीनच्या एका दुकानात नोकरीला होते. दुकान कंपनीचं होतं. ज्यांनी नवं मशीन घेतलं त्यांच्या घरी जायचं, दोरा कसा ओवायचा, बॉबिन कशी भरायची, काज कसं करायचं ते शिकवायचं आणि परत यायचं, हे माझं काम. घरोघरी मला 'कंपनीची बाई' म्हणत. चहा मिळायचा, कुठं कुठं पोहेही मिळायचे. पण शिकवणं संपलं की मी तिथून उठावं असं सगळ्यांनाच वाटायचं आणि मलाही ते कळायचं.

राहायला दिल्लीगेटाजवळ एक खोली होती. आईवडील गेलेले. भाऊ नागपूरकडे, त्याची पत्रं हळूहळू कमी होत गेली होती. दुकान बंद झालं की माझं बोलणं बंद व्हायचं. रविवार सगळ्यात वाईट. दुपारी जेवून भांडी घासली की पुढं काय करायचं ते सुचायचं नाही. मग मी धुतलेली पातळं पुन्हा धुवायची.

एका सकाळी दुकानात एक बाई आली. वय माझ्यापेक्षा थोडं कमी, काष्टी लुगडं, आणि छातीशी धरलेलं एक मोठं गाठोडं. गाठोडं काउंटरवर ठेवलं तेव्हा लाकूड दणाणलं. गोधडी सोडली तर आत मशीनचं नुसतं डोकं. खालचा लोखंडी स्टँड नाही, टेबल नाही. चाकाचा एक तुकडा उडालेला आणि उरलेल्या चाकाला तडा.

आमचे मिस्त्री म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी चाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बेटी, हे पडून झालेलं नाही."

"न्हाई," ती म्हणाली. "कुऱ्हाडीचा तुंबा, मागला भाग बसला."

कुणाच्या हातून, ते कुणी विचारलं नाही.

चाचांनी नवं चाक बसवलं आणि स्टँड नाही म्हणून त्याला हाताने फिरवायचा दांडा जोडून दिला. नव्या चाकाला गॅरंटी होती. गॅरंटीसाठी कंपनीचं कार्ड भरायचं असे आणि ते मॅनेजरसाहेब स्वतः भरत. मशीनच्या पाटावर कोरलेला नंबर त्यांनी चष्मा वर करून वाचला, लिहिला, मग नाव विचारलं, मग पत्ता.

"पत्ता कशापायी?" तिनं विचारलं.

"चाक बिघडलं तर कंपनी बदलून देईल. कंपनीला कळायला नको कुठं राहता ते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. का कुणास ठाऊक, बहुधा दुकानात तेवढी मीच बाई होते म्हणून. मग तिनं तोफखाना भागातल्या एका चाळीचा पत्ता सांगितला.

मशीन चालतंय की नाही ते बघायला मला पंधरा दिवसांनी तिकडे पाठवलं. दांडा एका हातानं फिरवायचा आणि कापड एकाच हातानं सरकवायचं, हे पायमशीनवर शिवणाऱ्याला जड जातं. पण तिनं ते जमवलं होतं. झंपर, परकर, पोरांच्या चड्ड्या, चाळीतलं सगळं शिवण तिच्याकडे यायला लागलं होतं. मी शिकवायला गेले होते, पण शिकवायला काही उरलं नव्हतं. तरी मी बसले. तिनं चुलीवर भात टाकला. तिच्या माहेरचा, अकोले तालुक्याच्या डोंगरातला तांदूळ. त्याच्या वासानं ती एवढीशी खोली भरून गेली.

"जेवून जा बाई," ती म्हणाली. "एकटीसाठी रांधायचा लई कंटाळा येतो."

मला एवढ्या दिवसांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

मग मी रविवारी जायला लागले. ती शिवायची, मी काजं करून द्यायची, बटणं लावायची. आम्ही फार बोलत नव्हतो. मशीनचा खडखडाट चालू असायचा आणि मध्येच थांबला की तेवढ्यात ती एखादं वाक्य बोलायची. असं तुकड्यातुकड्यानं मला कळलं. तिचं सासर श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाचं गाव. लग्नात बापानं मशीन दिलं. नवरा मारायचा, ते तिनं काही वर्षं सोसलं. मग एकदा तो कुऱ्हाड घेऊन मशीनवर धावला. पहिला घाव चाकावर बसला. दुसरा बसायच्या आत शेजारच्यांनी त्याला धरलं. दुसऱ्या दिवशी तो शेतावर गेल्यावर तिनं खालचे स्क्रू काढून मशीनचं डोकं गोधडीत बांधलं आणि पहिली एसटी धरली.

"माहेरी का नाही गेलीस?" मी विचारलं.

"तितं पयला बघंल ना त्यो."

एवढंच म्हणून तिनं पुन्हा दांडा फिरवायला घेतला.

उन्हाळ्याच्या तोंडाला दुकानात हवालदार आला. त्याच्या हातात एक चिठ्ठी होती. श्रीगोंद्याकडून नगरच्या चौकीवर फिर्याद आली होती की बायको घरातलं शिलाई मशीन चोरून पळाली. फिर्यादीसोबत मशीनचा नंबर होता. मशीनबरोबर मिळालेला कागद घरात स्टँडच्या खणात राहिला होता, त्यावरून नवऱ्यानं तो दिला होता.

"या नंबरचं मशीन तुमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं का?" हवालदारानं विचारलं.

मॅनेजरसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कार्डांची पेटी ओढली. मी शोकेस पुसत होते. फडकं हातात तसंच राहिलं.

"साहेब," मी म्हणाले, "आधी त्या बाईंना विचारायला नको का?"

ते वळलेसुद्धा नाहीत. "काय विचारायचं त्यात? चोरीचा मामला आहे. कंपनीचं पत्रच आहे, पोलिसांना मदत करायची."

"गिऱ्हाईकानं पत्ता चाकासाठी दिला होता."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाईट मनुष्य नव्हते. माझ्या आजारपणात त्यांनी घरून डबा पाठवला होता. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "पोलिसांना नाही म्हणून बाजारात दुकान चालवता येतं का?"

हवालदारानं पत्ता लिहून घेतला, चहा संपवला आणि सायकलवर टांग टाकली. डोकं दुखतंय असं सांगून मी बाहेर पडले आणि टांगा केला. वाटेत टांगेवाल्याला दोनदा घाई करायला लावली. पण मी पोचले तेव्हा चाळीच्या दारात माणसं जमली होती आणि सायकलच्या कॅरिअरला मशीन बांधलं जात होतं, त्याच गोधडीत. अर्धवट शिवलेला एक परकर सुईखाली तसाच होता, तो हवालदारानं ओढून काढला. दोरा तुटला.

ती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. मला पाहून म्हणाली, "तुमच्या दुकानातून आलंय म्हनत्यात."

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. रात्रभर मनात जुळवलेलं एकदम बोलून टाकलं. "साहेब, ज्या नंबरावरून तुम्ही पत्ता दिलात, त्याच नंबरावरून मशीन कुणाच्या नावानं विकलं तेही कळत असेल ना? तेवढं विचारा. मग तेही पोलिसांना द्या."

ते बराच वेळ पेन उघडमिट करत राहिले. मग त्यांनी तिच्या माहेरापासून जवळ पडणाऱ्या संगमनेरच्या विक्रेत्याला ट्रंककॉल लावला. लाइन लागायला दुपार झाली. ते ओरडून ओरडून एकेक आकडा सांगत होते आणि बाजारातली माणसं थांबून बघत होती. बिलाची नक्कल एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून आली. तिच्या बापानं मशीन लग्नाच्या आधी घेतलं होतं आणि बिल लेकीच्या नावानं, माहेरच्या आडनावानं केलं होतं. त्या माणसानं असं का केलं असेल, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. कदाचित त्याला पोरगी द्यायच्या घराबद्दल काहीतरी कळलं असेल. कदाचित दुकानदारानं नाव विचारलं आणि त्यानं ते सहज सांगितलं असेल.

मॅनेजरसाहेब स्वतः बिल घेऊन चौकीवर आले. मीही गेले. तिला आणि नवऱ्याला बोलावलेलं होतं. मी मनात एक राक्षस उभा केला होता, पण बाकावर बसलेला माणूस साधासुधा होता. स्वच्छ टोपी, खाली घातलेली मान, हातात टोपीसारखीच स्वच्छ पिशवी. फौजदारानं बिल वाचलं, दोघांची नावं विचारली आणि नवऱ्याला म्हणाला, "मशीन तिचंच आहे की रे. चोरी कसली?"

नवरा म्हणाला, "मशीनचं र्‍हाऊ द्या साहेब. ती कुटं हाय ते कळत नव्हतं, म्हनून."

फौजदार त्याच्यावर खेकसला, पोलीस म्हणजे तुझे नोकर वाटले का म्हणाला. पण कागदांवर सह्या झाल्या, मशीन तिच्या ताब्यात दिलं आणि ते प्रकरण त्यांच्यापुरतं मिटलं. नवरा उठला. जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं, शिवीगाळ नाही, धमकी नाही. नुसतं पाहिलं आणि पिशवी सावरत बाहेर गेला.

आम्ही मशीन टांग्यात ठेवलं. मला बरं वाटत होतं. मी तसं म्हणालेही, की सुटलं बाई एकदाचं.

ती म्हणाली, "मशीन सुटलं. पन मी घावले."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा चूल थंड होती. गाठोडं बांधून झालं होतं. चाळीतल्या बायकांचे उरलेले कपडे तिनं घड्या करून ठेवले होते, ज्याचे त्याला देण्यासाठी. शिवून न झालेलेही होते त्यात.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

तिनं गाठोड्याची गाठ आवळली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमाला सांगनार न्हाई बाई. राग मानू नका. तुमी दुकानात असता. उद्या कुनी इचारलं तर तुमाला खोटं बोलावं लागंल. आन तुमाला खोटं बोलाया येत न्हाई."

मला राग आला होता. तिचं म्हणणं खरं होतं, तरी आला होता. तिच्यासाठी मी टांगा करून धावले होते, साहेबांपुढं उभी राहिले होते आणि तरी मी दुकानातलीच होते. मी गाठोड्याला एका बाजूनं हात लावला. माळीवाड्याच्या एसटी स्टँडपर्यंत आम्ही ते दोघींनी नेलं. स्टँडच्या तोंडाशी ती थांबली आणि म्हणाली, "आता तुमी जा." कुठल्या गाडीत बसतेय तेही मी बघू नये म्हणून. मी वळले आणि मागं न बघता घरी आले.

त्यानंतर दुष्काळ पडला. बाजारात गिऱ्हाईक दिसेना, नवी मशीनं खपेनात, शिकवायला घरं उरली नाहीत. मी दुकानातच बसून असायची. अशाच एका दुपारी तिचा नवरा आला. खूप वाळला होता. पाणी मागितलं, मी दिलं. पाणी पिऊन त्यानं विचारलं, "ते मशीन पुन्यांदा आलतं का हितं?"

मॅनेजरसाहेब समोरच होते. ते काही म्हणायच्या आत मी म्हणाले, "दुकानात कोण येतं ते आम्ही सांगत नाही."

"मी नवरा हाय तिचा."

"असाल."

त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "बाईंनी सांगितलं ना." तो बाकावर थोडा वेळ बसला. जायला दुसरं ठिकाण नसावं असा बसला. मग उठून गेला. त्याची दया यावी असं मला वाटलं नाही, पण त्याचं ते बसणं मला ओळखीचं वाटलं, हे मात्र खरं.

तो गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी घडी करून वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "तुम्ही तिच्याकडे जात होतात ना रविवारी?" त्यांनी विचारलं. मी होय म्हणाले. ते म्हणाले, "तुम्हाला पाहिजे असेल तर मी आपल्या बाकीच्या दुकानांना लिहितो. नंबर आहेच. मशीन म्हटलं की कधी ना कधी दुरुस्तीला येणारच. कुठं आहे ते कळेल."

ते मनापासून बोलत होते. चूक भरून काढायची त्यांना ती एकच रीत माहीत होती. आणि मला किती हवं होतं ते! नाशिक असेल, पुणे असेल, एसटीनं जाऊन यायला काय लागतं, दारात उभं राहायचं, ती म्हणेल जेवून जा. हे सगळं मी तेवढ्या क्षणात बघितलं.

"नको साहेब," मी म्हणाले.

"विचार करा."

"केला. नको."

त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला. आम्ही दोघांनी तो घेतला. पुढं आणखी काही वर्षं मी त्या दुकानात काढली. हवालदार नंतरही दुसऱ्या कुठल्या कुठल्या नंबरांसाठी यायचे. साहेब त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे की लेखी आणा, वर विचारावं लागतं. काही जण लेखी आणायचे, काही जण परत यायचेच नाहीत.

रविवारी मी शहराबाहेर भिंगारच्या रस्त्यानं चालायला जायला लागले. पाय दुखेपर्यंत चालायची आणि संध्याकाळी परत यायची. एकटीपुरता भात करायचा मला अजूनही कंटाळा येतो. तरी मी तो रोज करते.