बाराव्या नावाचं वय

पेंढाऱ्यांनी आमच्या गावातून बारा माणसं धरून नेली आणि आमच्या मूळपुरुषाने बाराच्या बारा परत आणली, ही गोष्ट काकांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. अमडापूरला भाऊबंदांचा मेळावा ठरला, तेव्हा ही गोष्ट छापलेली पाहायची एवढीच त्यांची इच्छा होती. लिहायचं काम माझ्याकडे आलं.

घरात मोडीतली दोन पानं होती. एक नेलेल्यांची यादी, एक आणलेल्यांची. खामगावच्या एका निवृत्त शिक्षकांकडून ती वाचून घेतली. दोन्हींत बारा नावं. अकरा जुळली. बारावं वेगळं होतं, पण त्याचं कोणालाच नवल नव्हतं. बारावी म्हणजे शेजारची एक मुलगी, ती नंतर आमच्याच घरात सून झाली होती, आणि लग्नात मुलीचं नाव बदलतातच. मीही तसंच लिहिलं.

मग सवयीने नावांपुढची वयं पडताळली. दोन याद्यांत एका वर्षाचं अंतर. अकरा जण एकेका वर्षाने वाढले होते. बारावी नवाची सोळाची झाली होती.

दुसऱ्या यादीखाली सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव लिहिलेलं होतं. एसटीने तिथे गेलो. पेंढाऱ्यांचा तळ मोडल्यावर शेतीला लागलेलं एक घर लोकांनी दाखवलं. ओसरीवर तूर निवडणाऱ्या आजींना मी दोन्ही वयं सांगितली. त्या हसल्या.

"लय उशिरा हिशोब केला बाप्पा! तुमची लहानी इथंच राह्यली. जिनं तिले सांभाळलं, तिच्या गळ्यातले हात काढेच ना. अन् तुमचा बाबा म्हणे, बारा भरल्याबिगर गावात पाय ठेवत नाही, आन घेतली हाये. तीन दिवस दारात बसला. मंग आमच्या घरची थोरली पोरगी उठली. म्हणे, मी येतो, मले मोजा."

आजींनी दिलेला पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. सोळा वर्षांची मुलगी एका परक्या माणसाची शपथ पुरी व्हावी म्हणून घर सोडून चालत निघाली, आणि आम्ही सगळे तिच्या पोटचे. आमच्या घराण्यात याहून मोठं काम कोणी केल्याचं मला माहीत नाही.

काकांना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांची जन्मभराची गोष्ट मी मोडत होतो.

"म्हंजे त्यानं अकराच आणले?"

"अकरा आणले, काका. बारावी आपणहून आली."

"सोळाची?"

"हो."

"अन् मी जलमभर म्हाताऱ्याचंच गात राह्यलो."

"मग छापू का?"

"छाप ना बे! पन तिचं आंधी. अन् मले तिथं घेऊन चाल."

"एवढा प्रवास झेपेल तुम्हाला?"

"काऊन नाही? आजोळ हाये माह्यं. एक चांगलं लुगडं घेऊन ये, तिथं रिकाम्या हातानं जातेत का?"