जावेच्या फोनला रेंज

लेकीला दिवस गेल्याची बातमी मला माझ्या जावेने सांगितली. आमच्या दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. कणकेचे हात तसेच घेऊन ती दारात आली. "ताई, तुम्ही आजी होऊन राहिल्या!"

मी "अच्छा?" म्हटलं आणि हसले. आतून जळून खाक झाले होते. पोरगी माझी, नागपूरला दिली मी, आणि गोड बातमी आधी काकूला?

त्याच दिवशी गच्चीवर जाऊन लेकीला फोन लावला आणि अर्धा तास झापलं. ती म्हणाली, "आई, तुझा फोन लागतच नाही गं. बाबांचा दिवसभर फॅक्टरीच्या गेटवर जमा. मग काकूला लावला."

तेही खोटं नव्हतं. इकडे हिंदी मुलखात, आमच्या महाराजपूरच्या कॉलनीत, स्वयंपाकघरात रेंजची एक दांडी दिसायची, वर पाण्याच्या टाकीजवळ तीन. एवढा महागाचा फोन, पण नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

जावेचा फोन मात्र बरोबर लागायचा. उलट्या सुरू झाल्या, तिला कळलं. सोनोग्राफी नीट झाली, तिला कळलं. एकदा म्हणाली, "पोरीला सांभारवडी खावीशी वाटून राहिली होती, ताई. आमच्या भाच्यासोबत पाठवली मी." सांभारवडी! ती पोरगी माझ्या हातच्या, कोथिंबीर ठासून भरलेल्या सांभारवडीवर वाढली आहे. त्या दिवशी मी जेवलेच नाही.

मग ठरवलं, फोनची कंपनीच बदलायची. जावेने नक्कीच गुपचूप बदलली असणार, आणि मला सांगितलं नाही, लबाड कुठली. हे म्हणाले, "काहून बदलून राहिली? आपल्या मराठी मंडळातल्या सगळ्या घरी हीच कंपनी आहे. आपसात बोलणं फुकट." मी म्हटलं, "चुलीत घाला ते फुकट बोलणं. मला मंडळाशी नाही, माझ्या लेकीशी बोलायचंय."

सदर बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, नंबर वही रहेगा, बस एक मैसेज भेजना है. पर कंपनी सोच के लेना. आपके मोहल्ले में जिसका फोन बढ़िया लगता है, उसी से पूछ लो."

घ्या! म्हणजे जावेलाच विचारायचं. दोन दिवस अडून बसले. तिसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून गेले. ती मेथी निवडत होती.

"तू कोणत्या कंपनीत गेलीस गं?"

"मी कुठं जाणार, ताई? तुमची तीच माझी." तिने फोन माझ्यापुढे धरला. तीच कंपनी, तीच एक दांडी.

"मग तुला बरा लागतो तिचा फोन!"

"इथं कुठं लागतो? चार वाजता मी गच्चीवर टाकीपाशी जाऊन बसते. पोरगीच म्हणाली होती, काकू, चारला वर जात जा, मी लावत जाईन."

मला ती कधीच असं म्हणाली नव्हती. फोन लागला की मी सुरू व्हायचे, डॉक्टरकडे गेलीस का, काहून नाही गेलीस, सासू काय म्हणते. पण आई नाही विचारणार तर कोण विचारणार? मेथीची एक काडीही न उचलता मी घरी आले. कंपनी बदलायचा मेसेज टाईप करून ठेवला होता, तो पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच आमच्या गच्चीवर जाऊन बसले. तीन दांड्या, पूर्ण चार्जिंग. पलीकडच्या गच्चीवर जाव आली, मला बघून जरा चपापली. चार वाजले. तिचा फोन वाजला.

"हो बाळा, बोल," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत, "अगं, तुझी आई इथंच बसली आहे. देऊ का?"

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मी उठून कठड्यापाशी गेले, हातही पुढे केला.

"ताई," जाव खाली बघून म्हणाली, "ती म्हणते, आईला नंतर लावते."